दीडवरचा काटा

लोकांची घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करण्यात माझी एकतीस वर्षं गेली, तरी अजूनही दार उघडणारं माणूस आधी माझ्या खांद्यावरून मागं बघतं. कारागीर कुठं राहिला म्हणून. बेरिल सगडनबाईंनीही तेच केलं.

"एकटीच आलीस?"

"अजून कोण हवं होतं?"

"तसं नव्हे गं पोरी. सामान अवजड असतं ना तुमचं."

"मी काय कमी अवजड आहे?"

त्या हसल्या आणि मला आत घेतलं. हसताना त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसल्या. अंगातला लोकरी कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. हे माणूस मुळात एवढं बारीक नाही, हे कपड्यांवरून कळत होतं.

सगडनबाईंचं घर इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या शेवटच्या ओळीत. गाडी खालीच लावायची आणि छत्तीस दगडी पायऱ्या चढायच्या. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले होते, वर्षाची तपासणी करायला. त्यांचा नेहमीचा कारागीर निवृत्त झाला होता आणि तपासणी पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी, कारण स्टॅन्ली ती तेव्हाच करून घ्यायचा. स्टॅन्ली म्हणजे त्यांचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती.

बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात होता. एकोणीस वर्षांचं जुनं धूड. कपाटाचं दार उघडलं आणि मी तशीच उभी राहिले. दाराची आतली बाजू वरपासून खालपर्यंत पेन्सिलीच्या आकड्यांनी भरली होती. तारीख आणि दाब, तारीख आणि दाब.

"गालिच्याच्या गिरणीत बॉयलरवर होता चाळीस वर्षं," सगडनबाई म्हणाल्या. "सकाळी आधी काटा बघायचा, मग चहा. गिरणी बंद पडली, पण सवय थोडीच बंद पडते? मग घरातल्याच्या मागं लागला. बायकोची तब्येत कधी विचारली नाही एवढी याची विचारायचा."

मार्चमधल्या एका तारखेला त्याचे ठसठशीत आकडे थांबले होते. त्याखाली काही ओळी बाईंच्या थरथरत्या हाताच्या: एक पूर्णांक चार, एक पूर्णांक दोन, एक, पॉइंट आठ. दाब आठवड्यागणिक थोडा उतरत गेलेला. मग मे महिन्यातल्या एका तारखेपासून एकच आकडा सुरू झाला. दीड. दीड. दीड. अडीच वर्षं, रोज, दीड.

मी बॉयलरचा काटा बघितला. पॉइंट सहावर होता.

"बाई, दाब पडलाय तुमचा."

"दुपारी पडतोच. सकाळी होईल बरोबर."

"आपोआप?"

"आपोआप कशाला? स्टॅन्ली करतो ना."

त्या हे अगदी सहज बोलल्या, दूधवाला दूध ठेवून जातो म्हणावं तसं. एकट्या राहिलेल्या बायकांच्या घरात मी पुष्कळ कामं केलीत. कुणी दोन कप मांडतं, कुणी दारामागची टोपी काढत नाही. त्यात मी नाक खुपसत नाही. पण बॉयलर हा माझा प्रांत आहे, आणि तिथं मला कुणाची लुडबुड चालत नाही, मेलेल्याचीही नाही.

कारण त्यातला हिशोब सरळ आहे. घर गरम करणारं पाणी बंदिस्त असतं. एकदा भरलं की तेच बॉयलरमधून खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांत जातं आणि परत येतं. दाब पडला म्हणजे पाणी कुठंतरी गेलं. चढला म्हणजे कुठूनतरी आलं. तिसरा प्रकार नाही.

मी आधी गेलेलं पाणी शोधायला घेतलं. आठही रेडिएटरांच्या चाव्यांभोवती कागदी रुमाल गुंडाळले, थेंबभर ओल असली तरी कळते. जादा दाब बाहेर टाकणारी नळी भिंतीतून मागच्या अंगणात निघते, तिच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. गुडघ्यांवर बसून गालिचे उचलले, फळ्यांवर तळवा फिरवला. बाई मागं उभ्या राहून मला आल्याच्या केकचा आग्रह करत होत्या. दोन तासांनी रुमाल कोरडे, पिशवी कोरडी, फळ्या खणखणीत. माझा पारा चढायला लागला. गळणारं घर मला समजतं. न गळता रिकामं होणारं घर मी पाहिलं नव्हतं.

राहिलं येणारं पाणी. ते भरायला बॉयलरखाली पोलादी विणीची हातभर नळी असते. तिचं एक टोक गावच्या नळाला, दुसरं बॉयलरला. पाणी भरून झालं की ती सोडवून ठेवायची असा नियम आहे. तो पाळणारं घर मला अजून भेटायचंय. इथंही नळी लावलेलीच होती. मला वाटलं, बाईच पहाटे अर्धवट झोपेत उठून नळीची चावी फिरवत असतील आणि विसरून जात असतील. मी नळी सोडवली, दोन्ही टोकांवर पितळी टोपणं आवळून बसवली, आणि टोपणांवर पांढऱ्या पट्टीचा वेढा दिला. कुणी हात लावलाच तर पट्टी फाटणार.

"नळी मी घेऊन जाते," मी म्हणाले. "उद्या सकाळी येऊन बघते."

"बघ की," बाई म्हणाल्या. "त्याला तुझ्या नळीची काय गरज?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पायऱ्यांवर पांढरं हिव पडलं होतं. बाईंनी दार उघडलं आणि कपाटाकडं बोट केलं. काटा दीडवर होता.

मी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. टोपणं जागेवर होती, पट्टीवर सुरकुतीसुद्धा नव्हती. मला भीती वाटली, हे सांगायला मला लाज नाही. मान अशी आखडली की जणू मागं कुणी उभं आहे आणि मी बाजूला व्हायची वाट बघतंय.

"सांगितलं होतं ना?" बाईंच्या चेहऱ्यावर शाळकरी मुलीसारखा विजय होता. "बस आता. चहा घे."

मी बसले. चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. आदल्या दिवशीही असाच लागला होता, पण जुनी केटली असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. लोखंडाची चव, आणि मागून काहीतरी साबणासारखं.

"स्टॅन्लीच्या हातचा लागतो की नाही?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तो केटली नेहमी गरम नळाखाली भरायचा. लवकर उकळतं म्हणून. आयुष्यभर ओरडले त्याच्यावर. आता मीच भरते. काय करणार, सवय लागते."

"आणि हे तुमचं बारीक होणं?"

"पोटात ढवळतं सारखं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. सापडत काही नाही. वय झालं म्हणतात."

मी कप खाली ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन तास मी फरशीवर रांगत पाणी शोधत होते, आणि ते माझ्याच कपात होतं.

गाडीतून मी हिरव्या रंगाची बाटली आणली. गळती शोधायला तो रंग आम्ही वापरतो. वरच्या खोलीतल्या एका रेडिएटरमधून तो बंदिस्त पाण्यात सोडला, बॉयलर चालू केला आणि अर्धा तास थांबले. मग बाईंना मोरीपाशी बोलावलं आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला. आधी पाणी नितळ आलं. मग मोरीतल्या पांढऱ्या भांड्याच्या तळाशी हिरवी रेघ उमटली, फाटे फुटत पसरत गेली, आणि सगळं भांडं हिरवं झालं.

बाईंनी त्या पाण्यात बोट बुडवून बघितलं. "हे रेडिएटरमधलं?"

"हो. बॉयलरच्या पोटात पत्र्यांचा एक गठ्ठा असतो. एका फटीतून रेडिएटरचं पाणी जातं, शेजारच्या फटीतून नळाचं. मधल्या पत्र्याला भोक पडलंय, सुईच्या टोकाएवढं. दिवसा खालचं गाव नळ सोडतं, मग तुमच्याकडं वर पाणी रडतखडत येतं. तुम्ही गरम नळ सोडला की रेडिएटरचं पाणी त्या भोकातून केटलीत. रात्री गाव झोपलं की नळाचा जोर वाढतो, आणि त्याच भोकातून पाणी उलटं आत शिरतं. इथला रात्रीचा जोर दीडच आहे. म्हणून काटा दीडवर थांबतो."

"म्हणजे अडीच वर्षं मी हे पितेय."

"गंज, काळा गाळ, आणि गंज चढू नये म्हणून घातलेलं औषध. पोट ढवळेल नाही तर काय होईल?"

त्यांनी नळ बंद केला. मग कपाटापाशी गेल्या आणि दारावरच्या त्या मे महिन्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

"हा दिवस मला आठवतो. तो गेल्यावर काटा सारखा खाली येत होता आणि मला ती पाणी भरायची चावी फिरवता येत नव्हती. येत नव्हती म्हणजे, फिरवावीशी वाटत नव्हती. म्हटलं, शून्यावर येऊ दे, मग बघू. या दिवशी सकाळी दार उघडलं आणि दीड. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले."

मला हातोडा कळतो, सांत्वन कळत नाही.

"पत्र्यांचा गठ्ठा बदलला की काटा हलायचा थांबेल," मी म्हणाले.

"आणि तो?"

"बाई, तो गेलाय. तीन वर्षं झाली."

हे मी उगाच इतकं कोरडं बोलले. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. बाईंनी माझ्याकडं वळून बघितलं.

"फार खात्रीनं बोलतेस गं पोरी."

"बदलायचं की नाही ते तुम्हीच सांगायचं. घर तुमचं. गॅस गळत असता तर मला जबरदस्तीनं बंद करता आला असता. पाण्याला तसा कायदा नाही. पण नाही बदललं, तर पुढच्या नोव्हेंबरात हे दार उघडायला तुम्ही असाल असं मला वाटत नाही."

खिडकीबाहेर पायऱ्यांवरचं हिव वितळत होतं. बाईंनी आपला सैल झालेला कोट दोन्ही हातांनी गच्च ओढून घेतला.

"बदल," त्या म्हणाल्या. "अर्धवट काम त्याला आवडायचं नाही."

गठ्ठा दोन दिवसांनी आला. मी जुनं पाणी बादलीत काढलं. हिरव्या रंगालाही दाद न देणारं, शाईसारखं काळं पाणी. बाई दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या, बघायला आल्या नाहीत. नवा गठ्ठा बसवला, रात्री नळाला जोर आल्यावर त्यांचीच, माझ्या पेटीत ठेवलेली नळी लावून पाणी भरलं, काटा दीडवर आणला. मग नळी सोडवली, टोपणं आवळली, पांढरी पट्टी गुंडाळली. नळीला 'सगडन' असं लिहिलेली चिठ्ठी बांधली. ती कपाटात टांगायची म्हणजे टांगायचीच, तिची जागा तिथंच. पण बाईंनी दारातून नुसतं "झालं?" असं विचारलं, मी "झालं" म्हणाले, आणि तो आवाज ऐकून मला तिथून पळावंसं वाटलं. अवजारं गोळा करताना नळी माझ्याच पेटीत गेली. ती गाडीत राहिली.

पंधरा दिवसांनी मी फोन केला.

"काटा?"

"दीड. सकाळी दीड, दुपारी दीड, संध्याकाळी दीड."

"छान की मग."

"हो. छानच आहे."

"पोट?"

"बरं आहे. भूक लागते." मग हळूच, "खायला बसलं की घर फार शांत वाटतं. ठेवते हं."

मी चोख काम केलं होतं आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्या रागात मी महिनाभर सगळ्यांवर डाफरले. त्यात गाडीचं मागचं दार दोनदा सकाळी नुसतं लोटलेलं सापडलं. गाडी रात्री माझ्या घरासमोर असते, खाली गावात, कालव्याजवळ. काही चोरीला गेलं नव्हतं. मी स्वतःच्या विसराळूपणाला चार शिव्या घातल्या आणि नवं कुलूप आणलं.

फेब्रुवारीत त्याच टेकडीवर दुसऱ्या घरी काम निघालं. येताना पायऱ्या चढून सगडनबाईंचं दार वाजवलं. दार उघडलं आणि मी त्यांना आधी ओळखलंच नाही. गाल भरले होते. कोट अंगाला नीट बसला होता.

"आलीस? ये. चहा थंड नळाचा आहे, घाबरू नको."

चहा खरंच चांगला होता. त्या कामात होत्या, काहीतरी गुणगुणत होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी सवयीनं कपाट उघडलं.

दारावर आकड्यांची नवी रांग होती. आता दिवसाला दोन आकडे होते. संध्याकाळ, पॉइंट आठ. सकाळ, दीड. संध्याकाळ, पॉइंट आठ. सकाळ, दीड. डिसेंबरच्या मध्यापासून आजपर्यंत.

"बाई, हे काय? पुन्हा गळतंय?"

"गळत नाही काही. मी काढते."

"काढता म्हणजे?"

त्यांनी कापडी एप्रनच्या खिशातून रेडिएटरची पितळी किल्ली काढून दाखवली. हवा सोडायला असते ती. "रोज संध्याकाळी वरच्या खोलीत जाते आणि दोन कप पाणी सोडते. झाडाला घालते. सगळं दुरुस्त करून ठेवलंस तू, मग त्यानं सकाळी उठून करायचं काय? रिकामा बसला की कावतो. म्हटलं, त्याला थोडं काम ठेवावं."

किल्ली हातात घेऊन मी ती उलटसुलट केली. मग विचारलं, "आणि सकाळी भरतं कोण?"

"आता हे पण मीच सांगू?"

"नळी कुठून आणलीत?"

"नळी? ती तर तू नेलीस."

मी वाकून खाली बघितलं. दोन्ही टोपणं जागेवर. त्यांवर माझी पांढरी पट्टी होती, पण ती मी गुंडाळलेली नव्हती. मी उजवीकडून वेढा देते. हा वेढा डावीकडून होता, माझ्या वेढ्यापेक्षा घट्ट आणि नीटनेटका. जुन्या माणसांच्या हाताचा. बाईंच्या थरथरत्या बोटांना तो जमला नसता.

"फक्त एक झालंय," बाई कप विसळत म्हणाल्या. "पूर्वी तो कधी आला कधी गेला कळायचं नाही. हल्ली पहाटे मागचं दार वाजतं. बाहेर जातो कुठंतरी. तास-दीड तासानं येतो, पायऱ्यांवर थांबत थांबत. धाप ऐकू येते मला. मग पुन्हा जातो, पुन्हा येतो. गुडघे गेलेत गं त्याचे. कुठं जातो एवढ्या थंडीत, सांगत नाही."

मी चहा तसाच टाकला. "आलेच," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. उतरताना मोजत होते, छत्तीस, आणि गाडीपाशी पोचेपर्यंत स्वतःला समजावत होते. म्हातारीनं शेजारून नळी मागून आणली असेल. स्टॅन्लीची जुनी एखादी माळ्यावर असेल. नवा गठ्ठाही खराब निघाला असेल, निघतात कधीकधी. रंगाची बाटली गाडीतच आहे. पुन्हा चाचणी घेते. अर्ध्या तासाचं काम.

मागचं दार उघडलं. रंगाची बाटली समोरच होती. तिच्याकडं हात नेला आणि तो पेटीकडं वळला. नळी पेटीच्या तळाशी होती, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. नोव्हेंबरपासून मी तिला हात लावला नव्हता. तीन महिने कोरड्या पेटीत पडलेली नळी.

मी ती उचलून आडवी केली. तिच्या तोंडातून पाणी आलं. थोडंच, तीन-चार थेंब, माझ्या तळव्यावर. बर्फासारखं गार.

मी गाडीच्या मागच्या काठावर बसून राहिले. टेकडी, तिच्यावरची घरं, खाली दीड मैलावर माझं घर. मधला तो सगळा उतार मी डोळ्यांनी चालून बघितला, आणि मग चढ. रोज दोनदा. एकदा नळी न्यायला, एकदा परत ठेवायला, कारण दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवणाऱ्यांपैकी तो होता. आणि मी तिथं कुलूप आणून लावलं होतं. भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त, मला माझीच लाज वाटली.

रंगाची बाटली मी तिथंच ठेवली. नळी घेतली आणि पायऱ्या चढून वर गेले. बाई दारातच उभ्या होत्या.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. तुमची एक वस्तू माझ्याकडं राहिली होती."

कपाटात, बॉयलरच्या शेजारी, खिळा होताच. मी नळी त्याला टांगली, हाताला सहज लागेल अशी. मग तपासणीची वही काढली. दाब लिहिला, दीड. गळती लिहिली, नाही. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो तसाच ठेवला.

मार्चमध्ये बाईंचा फोन आला. हल्ली पहाटे मागचं दार वाजत नाही, म्हणाल्या. झोप चांगली लागते. दोघांनाही.